जुनी डॅनिश खुर्ची घेताना ती आधी उलटी करून पाहा

जुनी डॅनिश खुर्ची समोर आली की बहुतेक जण तिच्या पाठीवरून हात फिरवतात, हातांची वळणे न्याहाळतात आणि बसून पाहतात. माझा आग्रह असा आहे की त्याआधी ती जाड चादरीवर उलटी ठेवावी. विसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्कमध्ये घडलेल्या या खुर्च्यांचे सौंदर्य त्यांच्या सांध्यांतूनच आलेले आहे, आणि साठ-सत्तर वर्षांत खुर्चीने काय सोसले तेही सांध्यांतच वाचता येते. नाव, शिक्का आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

यामागे इतिहास आहे. कोर क्लिंट यांनी १९२४ मध्ये कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचर-रचनेच्या शिक्षणाचा पाया घातला, आणि १९२७ पासून १९६६ पर्यंत तिथल्या सुतार-कारागिरांच्या संघाची प्रदर्शने दरवर्षी भरत राहिली, ज्यांत वास्तुविशारद आणि कसबी सुतार जोडीने काम करत. त्यामुळे सांधा लपवण्यापेक्षा तो नीट घडवून दाखवण्याकडे या परंपरेचा कल राहिला. डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर यांच्या १९४९ च्या ‘राउंड चेअर’च्या पाठीवरचा जोड सुरुवातीला वेताने गुंडाळून झाकलेला होता, पुढे वेग्नर यांनी तो नागमोडी दातांचा करून उघडा ठेवला आणि तोच त्या खुर्चीची ओळख झाला.

उलट्या खुर्चीत पाहायचे काय? एक पाय एका हाताने घट्ट धरून त्याच्या शेजारची आडवी पट्टी दुसऱ्या हाताने हलकेच पिळावी. सांध्याशी केसाएवढी फट उघडमीट होत असेल, तर आतला सरस सुटलेला आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो. घाबरावे ते तडा गेलेल्या पायाला, आणि त्याहूनही अधिक मागच्या मालकाने केलेल्या घाईच्या दुरुस्तीला. माझ्याकडे आलेल्या एका जे-३९ खुर्चीच्या (बोर्गे मोगेन्सेन यांनी डॅनिश सहकारी संस्थेसाठी १९४७ मध्ये रचलेली साधी, सरळ खुर्ची) मागच्या सांध्यात कोणीतरी लोखंडी स्क्रू मारून वर लाकडाचा भुसा आणि गोंद भरला होता. स्क्रूने पायाचे तंतू फाकवले होते, आणि जो सांधा एका दुपारी जोडून झाला असता त्याला चार दिवस लागले.

सांधा जोडण्याची रीत अशी. आधी जुना गोंद कोणता आहे ते ओळखावे: गरम पाण्याचा थेंब टाकल्यावर तो मऊ आणि चिकट झाला, तर तो बहुधा प्राणिज सरस असतो. मग गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्याभोवती दहा मिनिटे धरावे आणि रबरी हातोडीने, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून, आडवी पट्टी हलकेच ठोकून बाहेर काढावी. बाहेर आलेल्या टोकावर जुन्या सरसाचा तपकिरी, काचेसारखा थर दिसेल. तो बोथट सुरीने खरवडावा. काचकागद वापरू नये, कारण तो लाकूडही खातो आणि मग सांधा ढिला बसतो. सारे वाळल्यावर नवा सरस दोन्ही बाजूंना लावून शिकंज्यात आवळावे, पण पूर्ण आवळण्यापूर्वी खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात ना, हे पाहून घ्यावे. सरस सुकल्यावर लंगडी खुर्ची सरळ करणे म्हणजे सगळे काम पुन्हा करणे होय.

बैठकीकडे वळू. यांतील पुष्कळ खुर्च्यांची बैठक कागदी दोरीने विणलेली असते. चिवट तपकिरी कागदाच्या पट्ट्या पिळून ही दोरी बनते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समुद्री गवताची दोरी मिळेनाशी झाली तेव्हा तिचा वापर रूढ झाला. वेग्नर यांच्या सीएच-२४ या ‘विशबोन’ खुर्चीच्या एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. तिथे वीण चारही पट्ट्यांवरून गुंडाळत जाते आणि पाकिटाच्या पाठीसारखे चार त्रिकोण दिसतात, तर नील्स ओटो मोलर यांच्या मॉडेल ७१ (१९५१) किंवा मॉडेल ७८ (१९६२) यांसारख्या खुर्च्यांत दोरी पट्टीच्या आतल्या बाजूस ठोकलेल्या इंग्रजी ‘एल’च्या आकाराच्या खिळ्यांना अडकवलेली असते. खुर्ची उलटी असतानाच हे खिळे गंजलेत का, एखादा उपटून पट्टी चिरली आहे का, हे पाहावे. दोरी थोडी मळलेली वा किंचित सैल असली तर ती राहू द्यावी, कारण तशी बैठक अजून बरीच वर्षे टिकते. समोरच्या पट्टीवर मात्र, जिथे मांड्या घासतात, धागे तुटू लागले असतील, तर पूर्ण बैठक नव्याने विणवण्याचा खर्च किमतीत धरावा. मधलीच एखादी दोरी बदलून काम भागत नाही.

गादीच्या आरामखुर्च्यांत बैठकीखाली रबरी पट्टे असतात. ते कालांतराने कडक होतात आणि बोटाने दाबले की तडकतात. फोमचीही भुकटी होते. दोन्ही बदलता येतात, म्हणून त्यांच्यासाठी चांगली चौकट नाकारू नये. याउलट, आर्ने याकोबसेन यांच्या १९५२ च्या ‘अँट’ किंवा १९५५ च्या ‘सिरीज ७’ खुर्चीचे दाबून वळवलेले पातळ प्लायवुड एकदा तडकले की त्याला खात्रीचा इलाज नाही. पाठ आणि बैठक यांना जोडणारा अरुंद भाग उजेडाकडे तिरका धरून पाहावा.

आता शिक्का. जाळून उठवलेली कारखान्याची खूण, धातूची चकती किंवा कागदी चिठ्ठी बैठकीच्या खालच्या बाजूस सापडते, पण चिठ्ठ्या गळून पडतात आणि शिक्के पुसट होतात. म्हणून शिक्का नसणे हा नकलीपणाचा पुरावा नव्हे आणि शिक्का असणे हाही अस्सलपणाचा शेवटचा शब्द नव्हे. घडण पाहावी. विशबोनचा मागचा पाय दोन दिशांनी वळलेला दिसतो, पण तो वाकवलेला नसून भरीव लाकडातून कापून काढलेला असतो. वरची अर्धगोल पट्टी मात्र वाफेवर वाकवलेली असते. नकलांत ती पुष्कळदा तुकडे जोडून केलेली दिसते.

लाकूड सागवान, ओक किंवा बीच असेल तर फार अडचण नाही. ब्राझीलचे रोझवूड असेल तर सावध राहावे: हे झाड १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे अशी खुर्ची देशाच्या सीमेपलीकडून आणायची तर कागदपत्रे आधी मागावीत, नंतर नव्हे.

मापे घरून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावीत. जेवणाच्या खुर्चीची बैठक आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत २७ ते ३० सेंटीमीटर अंतर असले की बसणे सुखाचे होते. हात असलेली खुर्ची टेबलाखाली जाते का, हे टेबलाच्या खालच्या पट्टीपासून मोजावे, वरून नव्हे. विशबोनचे हात जमिनीपासून सुमारे ७० सेंटीमीटरवर असतात आणि हीच चूक तिथे हमखास होते. जुन्या खुर्च्यांचे पाय कधी कधी कापलेलेही असतात, म्हणून संचातली प्रत्येक खुर्ची स्वतंत्र मोजावी. उंच स्टुलांचा हिशेब सोपा आहे: ९० सेंटीमीटरच्या ओट्याला ६३ ते ६५ ची बैठक पुरते. त्यांच्यात पाय टेकवायची पट्टी आणि तिचे दोन सांधे एवढे तपासले तरी पुरे, कारण चढता-उतरताना सारा भार तिथेच येतो.

घरी आणल्यावर पहिला मोह पॉलिशपेपर चालवून लाकूड नवे करण्याचा होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि हातांच्या स्पर्शाने सागवानाला आलेला मधाळ रंग एकदा घासून गेला की पुन्हा येत नाही, आणि व्हिनियरचा, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडी पापुद्र्याचा, थर तर मिलिमीटरभरही जाड नसतो. ओक आणि बीच यांना पुष्कळदा साबणाचे फिनिश असते. निव्वळ साबणाची चुरी कोमट पाण्यात विरघळवून त्यात पिळलेल्या फडक्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. तेल दिलेल्या सागवानाला वर्षातून एकदा तेलाचा पातळ हात पुरतो. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून घ्यावे, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहून धूळ धरतो. तेलाने भिजलेली फडकी मात्र कधीही चुरगळून ठेवू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.