विनाइल लाइनरचा स्विमिंग पूल : पाण्याची निगा राखताना या चुका टाळा

पाणी बिघडले की ते हिरवे किंवा गढूळ होते आणि लगेच कळते. पूलला आतून लावलेले विनाइलचे (एका प्लास्टिकचे) अस्तर, म्हणजेच लाइनर, मात्र गुपचूप खराब होत राहते आणि त्याचा एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच तीव्र रसायन अस्तराला थेट लागू न देणे ही या पूलची पहिली काळजी आहे.

सर्वांत वाईट चूक म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या थेट पाण्यात टाकणे. ट्रायक्लोरची, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनयुक्त रसायनाची, गोळी अत्यंत आम्लधर्मी असते. ती तळाशी जिथे विरघळत पडते, तिथे पांढुरका डाग उमटतो आणि विनाइल कमकुवत होते. गोळ्या तरंगत्या डबीत ठेवाव्यात, पण ती डबी पायरीशी अडकून राहिली तरी तसाच डाग पडतो, हे सहसा लक्षात येत नाही. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीन देणारे दुसरे रसायन) आधी बादलीतल्या पाण्यात विरघळवावे आणि पंप चालू ठेवून ओतावे. हे दाणे ट्रायक्लोरच्या डबीत चुकूनही घालू नयेत. दोन्हींचा संयोग झाल्यास आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो.

पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.२ ते ७.६ असावा. तो दीर्घकाळ ७ च्या खाली राहिला तर अस्तर फुगून त्याला सुरकुत्या पडतात. पीएच सारखा वरखाली होत असेल, तर आधी क्षारता (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) ८० ते १२० पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत इतके भाग) आणावी.

चाचणीतही फसगत होते. भरपूर क्लोरीन घालूनही डीपीडी चाचणीत (क्लोरीन असल्यास नमुना गुलाबी करणाऱ्या चाचणीत) रंग क्षणभर गुलाबी होऊन नाहीसा झाला, तर क्लोरीन संपले असे समजून आणखी ओतू नये. क्लोरीनचे प्रमाण फार वाढल्यानेही तो रंग उडतो. नमुन्यात तेवढेच डिस्टिल्ड वॉटर मिसळून चाचणी पुन्हा करावी आणि येणारा आकडा दुप्पट धरावा.

क्लोरीन पुरेसे दिसूनही शेवाळ हटत नसेल, तर सायन्युरिक आम्ल (क्लोरीनला उन्हापासून जपणारे रसायन) मोजावे. ट्रायक्लोरमुळे ते साचत जाते आणि क्लोरीनचा जोर कमी करते. ३० ते ५० पीपीएम पुरेसे असते. ते कमी करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे थोडे पाणी काढून ताजे भरणे. त्यासाठी पूल पूर्ण रिकामा मात्र करू नये, कारण पाण्याचा दाब गेला की जुने अस्तर आकसते आणि पुन्हा भरताना फाटू शकते.