डोंगरमाथ्यावरून शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर पाहताना या चुका टाळा

शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी पाहण्यासाठी डोंगरमाथा गाठणारा नवखा निरीक्षक दिवसभर मान वर करून बसतो आणि पुष्कळदा हात हलवत परततो. पक्षी नसतातच असे नाही. ते केव्हा, कोठून आणि किती उंचीवरून जाणार हे हवा ठरवते, आणि तिच्याकडेच त्याचे लक्ष नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ तारीख पाहून दिवस ठरवणे. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांचे उदाहरण घेतले, तर तेथे ब्रॉड-विंग्ड हॉकचे मोठे थवे सप्टेंबरच्या मध्यास जातात, लहानखुरे शार्प-शिन्ड हॉक सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर दिसतात आणि सोनेरी गरुडांसाठी ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर गाठावा लागतो. मात्र या वेळापत्रकावरून फार तर आठवडा कळतो. नेमका दिवस वाऱ्यावरून ठरवावा लागतो. थंड हवेची आघाडी पुढे सरकून आकाश मोकळे झाले आणि वायव्येचा वारा सुरू झाला, की पुढील एकदोन दिवस सहसा उत्तम जातात. या रांगा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या असल्यामुळे वायव्येचा वारा त्यांच्या कुशीवर जवळजवळ काटकोनात आदळून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर पक्षी पंख न हलवता मैलोन्‌मैल तरंगत जातात. पाऊस किंवा दाट धुके असेल, तर सुट्टीचा दिवस आहे म्हणून डोंगर चढण्याचा आग्रह सोडून द्यावा.

मात्र जोराचा वारा प्रत्येक जातीला हवाच असतो, असा समज करून घेऊ नये. ब्रॉड-विंग्ड हॉक प्रामुख्याने तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभांवर, म्हणजे थर्मलवर, अवलंबून असतो. एका थर्मलमध्ये घिरट्या घालत उंची गाठायची आणि तेथून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचे, ही त्याची रीत असल्यामुळे मंद वाऱ्याचा, ऊन पडलेला दिवसही त्याला चालतो; अशा दिवशी तो डोंगराची धार सोडून दरीवरूनही जातो.

दुपारी बाराच्या सुमारास आकाश ओस पडले की अनेकजण सामान आवरू लागतात. ही घाई नडते. त्या वेळी थर्मल इतके वर पोहोचलेले असतात की पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसेनासे होतात. प्रवाह थांबलेला नसतो, तो फक्त वर सरकलेला असतो. निळ्याशार आकाशात तर जवळून जाणारा पक्षीही हरवतो, म्हणून पांढऱ्या ढगांच्या कडा दुर्बिणीने सावकाश तपासाव्यात. ठिपका दिसला की त्याच्या आजूबाजूलाही पाहावे, कारण तो बहुधा एकटा नसतो.

दुर्बीण कशीही फिरवत राहणे हाही वेळेचा अपव्ययच. आधी दूरच्या डोंगरधारेवर किंवा ढगावर तिचा फोकस नीट बसवावा, नाहीतर रिकाम्या आकाशात तो कोठे आहे हे कळतही नाही आणि पक्षी समोरून निघून जातो. मग क्षितिजरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहावी, दुर्बीण थोडी वर घेऊन परत यावे आणि अधूनमधून थेट डोक्यावरही नजर टाकावी. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी होते. त्याहून अधिक शक्तीची हातात स्थिर राहत नाही. सोबत्यांना दिशा सांगताना ‘तो बघा, तिकडे’ म्हणण्याचा काही उपयोग नसतो. समोरच्या शिखरांना आधीच क्रमांक देऊन ठेवले, तर ‘तिसऱ्या शिखराच्या डावीकडे, ढगाच्या खाली’ एवढे पुरते.

ओळख पटवताना रंग आणि पिसांवरची नक्षी शोधणे ही पुस्तकी सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण दूरचा पक्षी बहुतेक काळी आकृतीच असतो. पंखांची ठेवण आणि उडण्याची लय पाहावी. टर्की गिधाड पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून दोन्ही बाजूंना डुलत जाते, तर बॉल्ड ईगलचे पंख फळीसारखे सपाट राहतात. ससाण्यांचे पंख टोकदार असतात. शार्प-शिन्ड आणि कूपर्स हॉक दोघेही पंखांचे काही फटके मारून मग तरंगतात, त्यामुळे जाणकारही त्यांच्यापाशी अडखळतात. शार्प-शिन्डचे डोके पंखांच्या पुढच्या कडेपलीकडे जेमतेम येते, कूपर्सचे मात्र ठळकपणे पुढे आलेले असते. आकारमानावर विसंबू नये. मोकळ्या आकाशात तुलनेला काही नसते, शिवाय या जातींत मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. खात्री नसेल, तर ‘अनोळखी’ अशी नोंद करणेच प्रामाणिकपणाचे.

घिरट्या घालणारा थवा मोजू नये. तेच पक्षी दोनदा मोजले जातात आणि काही सुटतात. थव्याच्या माथ्यावरून ते एकामागून एक रांगेने निघू लागेपर्यंत थांबावे आणि मग एखाद्या ठरावीक रेषेवरून जाणारे मोजावेत. रांग दाट असेल, तर दहा पक्ष्यांचा पट्टा केवढा दिसतो हे डोळ्यांत भरून घेऊन त्या मापाने पुढे जावे.

शेवटची चूक वहीतली. एकही पक्षी न दिसलेला तास बहुतेकजण नोंदवत नाहीत, त्यामुळे त्या आकड्यांची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येत नाही. प्रत्येक तासाची वेळ, वारा, ढग आणि संख्या, शून्य असली तरी, लिहावी. शक्य तेथे पक्ष्याचे वयही टिपावे. पेनसिल्व्हेनियातील हॉक माउंटन येथे पूर्वी या पक्ष्यांची सर्रास शिकार होत असे. निसर्गसंरक्षक कार्यकर्त्या रोझली एज यांनी १९३४ साली तो डोंगर संरक्षित केला आणि तेव्हापासून तेथे शरदातील मोजणी सुरू झाली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या वापराच्या काळात बॉल्ड ईगलच्या तरुण पक्ष्यांचे प्रमाण घटल्याचे याच नोंदींतून दिसून आले, कारण मोजणाऱ्यांनी वयही लिहून ठेवले होते.