दोन दूरच्या विमानतळांमधलं हवाई अंतर कसं काढायचं

सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग फार ताणलेला असतो, त्यामुळे तिथली सरळ रेघ जवळचा रस्ता दाखवत नाही. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या रेषेत बसतो, ते बृहद्वृत्त. अंतर मोजायचं ते त्याच्यावर.

आधी अक्षांश-रेखांश शोधा, तेही शहराचे नव्हे, विमानतळाचे. एकट्या न्यूयॉर्कसाठी जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया असे तीन मोठे विमानतळ आहेत, म्हणून तीन अक्षरी कोड पाहूनच आकडे घ्या. मिनिटांना ६० ने भागून दशांश करा: ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.६३, ४०.३८ नव्हे. एवढ्या चुकीनेही जागा सुमारे २८ किमी सरकते. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे.

सिंगापूरचा चांगी घ्या: १.३६, १०३.९९. जेएफके: ४०.६४, −७३.७८. सूत्र असं:

कॉस (कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कॉस अ१ × कॉस अ२ × कॉस (रेखांशांतला फरक)

अ१, अ२ म्हणजे दोन्हीकडचे अक्षांश. रेखांशांतला फरक १७७.७७ अंश. उजवी बाजू येते −०.७४२६, त्याचा कॉस इन्व्हर्स १३७.९५ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एक अंश १११.१९५ किमी. गुणाकार सुमारे १५,३४० किमी. १.८५२ ने भागलं की ८,२८३ नॉटिकल मैल.

घोळ बहुतेक वेळा उणे चिन्हात होतो. जेएफकेचा रेखांश चुकून अधिक धरला, तर फरक ३०.२१ अंश होतो आणि उत्तर ५,३२० किमीच्या आसपास येतं. कॅल्क्युलेटर अंशांवरच आहे, रेडियनवर (कोनाच्या दुसऱ्या एककावर) नाही, हेही पाहून घ्या. फरक १८० च्या वर गेला तरी घाबरायचं कारण नाही, कॉस ते आपोआप सांभाळतो. या जोडीचा पडताळा तर तोंडी होतो: रेखांश जवळजवळ समोरासमोर आहेत, म्हणजे वाट उत्तर ध्रुवाला लागूनच जाणार. चांगी ते ध्रुव ८८.६४ अंश, ध्रुव ते जेएफके ४९.३६, बेरीज १३८. जुळलं.

पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी असल्याने गोल धरून काढलेल्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. फार जवळच्या दोन विमानतळांसाठी मात्र हे सूत्र कमी आकडे दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर दगा देतं, कारण कॉस १ ला चिकटतो. तिथे हॅवरसाइन सूत्र वापरा.

हे झालं किमान अंतर. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून लांब पडतं: पश्चिमेकडून पूर्वेला वाहणाऱ्या जेट स्ट्रीमचा (उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा) फायदा घ्यायला किंवा तो चुकवायला विमान वळसा घेतं. शिवाय काही हवाई हद्दी बंद असतात. रशियाची २०२२ पासून अनेक देशांच्या कंपन्यांना बंद आहे. म्हणून वेळेचा अंदाज नुसत्या या आकड्यावरून बांधू नका.