इमेजव्ह्यूमध्ये फोटो बसवताना या चुका टाळा

पैठणच्या विणकरांच्या पैठण्या विकणारं ॲप तुम्ही बनवताय असं समजा. त्यात फोटो दाखवणारी चौकट म्हणजे इमेजव्ह्यू. फोटो नीट येतो, पण स्क्रीनवर 'बांगडी मोर' नक्षीतली गोल बांगडी अंडाकृती दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, नक्षीच तशी आहे. विणकराच्या मेहनतीवर आपल्या एका ओळीनं पाणी फिरतं. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

अँड्रॉइडवर नक्षी ताणली गेली की आधी 'फिटएक्सवाय' (प्रमाण न पाहता चौकटभर ताणणारी सेटिंग) शोधा. कडेच्या मोकळ्या पट्ट्या घालवायला कुणीतरी ते लावलेलं असतं. आयफोनच्या यूआयइमेजव्ह्यूत तर काहीच लिहिलं नाही तरी 'स्केलटूफिल' लागू होतं, म्हणजे फोटो ताणलाच जातो. तिथं 'ॲस्पेक्टफिट' (प्रमाण राखून पूर्ण फोटो मावतो) किंवा 'ॲस्पेक्टफिल' (प्रमाण राखून चौकट भरते) स्वतः लिहा. ॲस्पेक्टफिलसोबत 'क्लिप्सटूबाउंड्स' चालू नसेल, तर फोटो चौकटीबाहेर सांडतो.

यावर बरेचजण सरसकट 'सेंटरक्रॉप' लावतात. प्रमाण टिकतं, पण मधला भाग ठेवून कडा कापल्या जातात. पैठणीच्या कडांना असतं काय? काठ आणि पदर! लोक जे पाहायला येतात, नेमकं तेच जातं. यादीतल्या छोट्या चौकटीत सेंटरक्रॉप चालेल, साडीच्या स्वतंत्र पानावर मात्र अँड्रॉइडचं मूळचं, पूर्ण फोटो प्रमाणात दाखवणारं 'फिटसेंटर'च राहू द्या. त्यात वर-खाली रिकामी जागा दिसली तर रुंदी 'मॅचपॅरेंट' (बाहेरच्या चौकटीइतकी), उंची 'रॅपकंटेंट' (आतल्या फोटोइतकी) ठेवून 'ॲडजस्टव्ह्यूबाउंड्स' (फोटोच्या प्रमाणात चौकट) ट्रू करा.

यादीत ही रॅपकंटेंट उंची नको. फोटो येईपर्यंत जागाच धरलेली नसते, आणि तो आला की खालच्या साड्या उडी मारतात. कन्स्ट्रेंटलेआउटमध्ये (अँड्रॉइडची मांडणीची चौकट) उंची 0 डीपी (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं मापाचं एकक) आणि रुंदी-उंचीचं प्रमाण 3:4 असं बांधून टाका. शिवाय रॅपकंटेंट दिसलं की ग्लाइड (फोटो आणून दाखवणारी लायब्ररी) स्क्रीनच्या मापाचा फोटो धरतो, मग चौकट कितीही लहान असो.

मेमरीचा हिशेब तर करायलाच हवा. 4000 × 3000 चा फोटो उघडला की दर पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे सुमारे 48 एमबी. जेपीजी फाइल 3 एमबीची असली तरी फरक पडत नाही. गावाकडच्या साध्या फोनवर असे चार-पाच फोटो ॲप बंद पाडू शकतात. आधी 'इनजस्टडीकोडबाउंड्स'नं फक्त माप वाचा, मग 'इनसॅम्पलसाइझ' (फोटो किती पट लहान करून उघडायचा तो आकडा) 4 द्या. तोच फोटो 3 एमबीत बसतो.

ॲपसोबतचं मोठं बॅनर नुसत्या 'ड्रॉएबल' फोल्डरमध्ये टाकू नका. ते एमडीपीआयचं (मूळ घनतेच्या स्क्रीनचं) धरलं जातं आणि एक्सएक्सएचडीपीआय (तिप्पट घनतेच्या स्क्रीनच्या) फोनवर दोन्ही बाजूंनी तिप्पट, म्हणजे मेमरीत नऊपट होतं. त्यासाठी 'ड्रॉएबल-नोडीपीआय' आहे.

हे सगळं करूनही विणकरानं पाठवलेली साडी आडवी पडत असेल, तर एक्झिफ (फोटो-फाइलमध्येच साठवलेली माहिती) तपासा. उभा धरलेला फोन बऱ्याचदा पिक्सेल आडवेच साठवतो आणि 'फिरवा' एवढी नोंद ठेवतो. अँड्रॉइडमध्ये फोटो उघडणारी बिटमॅपफॅक्टरी ती नोंद पाळत नाही. 'एक्झिफइंटरफेस'नं ती वाचा, गरजेप्रमाणे रुंदी-उंचीची अदलाबदल करा, आणि त्यानंतरच प्रमाण काढा.