झोळी झालेली फळी

जुळे सोलापूरच्या घरी मी स्वतः ठोकलेली पुस्तकांची मांडणी दोन उन्हाळ्यांत मधोमध झोळीसारखी लोंबली. खापर आधी इथल्या उन्हावर फोडलं, पण चूक मापाची होती. फळी १८ मिमी जाडीची आणि आधार थेट चार फुटांवर. पुस्तकं खच्चून भरली असतील तर अंतर दुप्पट झालं की वाक सोळापट होतो! फळ्या उलट्या पालथ्या घातल्या, मध्ये उभी फळी दिली.

सगळे कप्पे एकाच उंचीचे, त्यामुळे मांडणी डोकंजड दिसायची. आता खालचा १४ इंच, मग १२, वर १०. पाठीला पातळ प्लाय मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजले, अर्ध्या इंचाचा फरक निघाला. ओढून सारखे केले, डुगडुगणं थांबलं. दिवाळी अंक मात्र आडवेच ठेवतो, उभे केले की मान टाकतात.