ब्राझीलच्या छोट्या गावात राहून काम करायचं असेल तर

मीनास जेराइस राज्याच्या दक्षिणेला, मान्तिकेइराच्या डोंगरांत, कॉफीच्या मळ्यांमधली गावं शांत आहेत आणि तिथल्या बऱ्याच गावांत फायबर इंटरनेट पोचलंय. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तिथे नीट राहता येतं. मात्र कागदपत्रं योग्य क्रमानं करायला हवीत आणि घर घेताना तिथली वीज तपासून घ्यायला हवी. अडचणी बहुतेक या दोन गोष्टींतच येतात.

कागदपत्रांची तयारी भारतातूनच सुरू करा. परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना ब्राझील एक वर्षाचा व्हिसा देतं. त्यासाठी महिना किमान 1500 डॉलर उत्पन्न किंवा बँकेत 18,000 डॉलर शिल्लक दाखवावी लागते. त्याखेरीज नोकरीचा करार, आरोग्य विमा आणि पोलीस क्लिअरन्स लागतं. जन्मदाखल्यासारख्या कागदांवर भारतातच ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का, घ्या, तिथे गेल्यावर ते मिळत नाही. पोर्तुगीज भाषांतर ब्राझीलमधल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यावं लागतं. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या. त्याचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात.

सीपीएफ हा 11 अंकी कर क्रमांक निघण्यापूर्वीच काढून ठेवा. सिमकार्ड, बँक खातं, इंटरनेट, ऑनलाइन खरेदी, सगळीकडे तोच विचारतात. खातं उघडलं की पिक्स वापरता येतं. आपल्या यूपीआयसारखीच ही पैसे पाठवायची सोय 2020 पासून तिथे सुरू आहे आणि भाजीवालाही ती घेतो. पोचल्यावर 90 दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करा. त्यांचं कार्यालय लहान गावात नसतं. दक्षिण मीनासमध्ये ते वार्जिन्याला आहे, तेव्हा ऑनलाइन वेळ घेऊनच बसचं तिकीट काढा. बारा महिन्यांत 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलात, तर ब्राझीलचे करदाते होता आणि परदेशातून येणाऱ्या पगाराचा हिशोब दरमहा द्यावा लागतो. त्यासाठी स्थानिक हिशोबनीस आधीच गाठून ठेवा.

घर तोंडी ठरलं तरी भाडेकरार लेखी करून घ्या, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कामी येतो. 1991 च्या भाडे कायद्यानुसार मालकाला एकाच प्रकारची हमी मागता येते. अनामत घेतली तर ती तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच, आणि वर जामीनदार मागता येत नाही. 'रिकामं घर' म्हणजे खरोखरच रिकामं असतं, शेगडी आणि फ्रीजही आपणच आणायचे. सिलिंडर 13 किलोचा असतो.

आता वीज. मीनासमध्ये साधा सॉकेट 127 व्होल्टचा असतो. लॅपटॉपचा चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालत असल्यानं त्याला अडचण येत नाही. आपला मिक्सर मात्र 127 वर रडतो, चटणी काही वाटली जात नाही. घरात दोन फेज आले असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून ओट्याजवळ 220 चा एक सॉकेट काढून घ्या. तिथली वीज 60 हर्ट्झची असते, आपली 50 ची, पण मिक्सरच्या मोटरला त्याचा त्रास होत नाही. भारतातला यूपीएस नेऊ नका, तिथला घ्या. प्लगच्या पिनाही वेगळ्या असतात: 10 ॲम्पिअरसाठी 4 मिलीमीटर, 20 साठी 4.8.

आंघोळीचं पाणी नळाच्या तोंडालाच बसवलेल्या विजेच्या शॉवरमध्ये तापतं. 5500 वॉटचा शॉवर 127 व्होल्टवर 43 ॲम्पिअर ओढतो आणि 220 वर 25. जुन्या घरात बारीक वायरवर तो जोडलेला असेल, तर वायर गरम होऊन वितळते. शॉवरची वायर थेट बोर्डापासून वेगळी आलेली हवी, 127 ला 10 चौरस मिलीमीटरची, तिला स्वतःचा ब्रेकर आणि अर्थिंग हवंच. कॉइल पाण्यातच उघडी असते, म्हणून अर्थिंगमध्ये तडजोड नको. नवा शॉवर बसवल्यावर आधी वीज बंद ठेवून पाणी सोडा, तो पूर्ण भरला की मगच ब्रेकर चालू करा. कोरडी कॉइल क्षणात जळते. गरम-थंडचं बटण पाणी बंद करूनच फिरवा. जून-जुलैत डोंगरात दव गोठतं आणि घरांत हीटर नसतो, तेव्हा हे शॉवर रोज पूर्ण जोरावर चालतात.

इंटरनेटचं शेजाऱ्यांना विचारा: कोणाचं, आणि पावसाळ्यात किती वेळा जातं? ऑक्टोबर ते मार्च विजा फार पडतात. फायबरमधून विजेचा झटका येत नाही, पण राउटरच्या ॲडॉप्टरमधून येतो, म्हणून गडगडाट सुरू झाला की ॲडॉप्टर काढा. राउटरला 12 व्होल्टचा छोटा बॅकअप लावा. दुसऱ्या कंपनीचं सिमही ठेवा, मात्र ते घेण्याआधी सिग्नल घराच्या आत तपासा, दरीतल्या घरांत तो अडतो.

भारतापेक्षा तिथलं घड्याळ साडेआठ तास मागे असतं. इथले सकाळचे दहा म्हणजे तिथले रात्रीचे दीड. मध्यरात्री लाइन गेली, तर सकाळपर्यंत कोणी फिरकत नाही. म्हणून भारतीय वेळेची नोकरी घेऊन गावात जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. युरोप किंवा अमेरिकेची वेळ जमते.

शाकाहारी असाल, तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. चिकन, हॅम, बेकन वेगवेगळं नाव घेऊन नको म्हणा, घेवड्याच्या उसळीतही बेकन असतं. भेंडी, भोपळा, हळद सहज मिळतात. शनिवारी दुपारीच दुकानं बंद होतात.

पिवळा विंचू मात्र कोकणातल्या लाल विंचवाइतक्याच गांभीर्यानं घ्या. तो झुरळांमागे गटारातून येतो, म्हणून मोऱ्यांना बंद होणारी जाळी बसवा आणि बूट झटकूनच घाला. सरकारी आरोग्यसेवा परदेशी माणसालाही मोफत असते, पण विंचवाच्या विषावरचं प्रतिविष ठरावीक रुग्णालयांतच असतं. ते रुग्णालय कोणतं, हे पहिल्याच आठवड्यात गावच्या आरोग्य केंद्रात विचारून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक 192.