पार्किंगमध्ये वर्कशॉप लावताय? ग्राइंडर घ्यायच्या आधी अर्थिंग बघा

आपल्या सांगलीत घराखाली पार्किंग असलं की एका कोपऱ्यात टेबल टाकून वर्कशॉप सुरू करायची हौस बऱ्याच जणांना असते, मलाही होती, पण पहिली खरेदी ग्राइंडरची होते आणि तो घरातल्या एक्स्टेंशन बोर्डावर लागतो. तसं करू नका. पहिला पैसा वायरमनला द्या. मेन बोर्डातनं वेगळी लाईन ओढून १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतःची एमसीबी (जादा करंट ओढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी असते वायर जळू नये म्हणून, माणसाला शॉक बसला तर ती पडेलच असं नाही, तिथं आरसीसीबीच कामाला येते. आणि तीन पिनचा सॉकेट दिसला म्हणजे मागं अर्थची वायर जोडलेलीच असते असं धरू नका, तपासून घ्या.

बोर्ड उंचावर घ्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेलं, ज्यांनी ते बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. माझं ड्रिल मशीन तेव्हा खालीच राहिलं आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं. आता मोटर असलेलं सगळं दोन क्रेटमध्ये ठेवतो, पाणी ४० फुटांकडं निघालं की क्रेट उचलून वरच्या मजल्यावर. भिजलेलं मशीन नुसतं उन्हात वाळवून चालू करू नका, वाइंडिंगवाल्याला दाखवा मगच प्लग लावा.

मग टेबल आणि ४ इंची व्हाइस, म्हणजे तुकडा आवळून धरायचा शिकंजा. व्हाइस टेबलाच्या पायाच्या वरच बोल्टनं आवळा, मधोमध लावला तर फळी हलते, आणि त्याचा जबडा उभं राहिल्यावर आपल्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे नाहीतर कानस मारताना कंबर धरते. हातहत्यारांत गाडीच्या कामाला ८, १०, १२, १४, १७, १९ चे पाने, पक्कड, हातोडी, कानस, गुण्या आणि हॅक्सॉ एवढं बास, हॅक्सॉचं पातं दाते पुढच्या बाजूला करून लावायचं. पाने एकदाच चांगले घ्या, हलका पाना नटाचे कोपरे खातो आणि मग तो नट काढायला दिवस जातो.

आता ग्राइंडर. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो, म्हणून डिस्कवर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा जास्त हवा, मधल्या रिंगवरची मुदतीची तारीखही वाचा. गार्ड काढू नका. मी एकदा अडचणीच्या जागी अँगल कापायचा म्हणून काढला, काप बंद होत आला तशी डिस्क अडकून फुटली आणि तुकडा कानाजवळनं गेला, अजून आठवलं की हात थांबतो. कापताना तुकडा असा धरा की काप उघडत जाईल, मिटणार नाही. कटिंग डिस्कनं बाजूनं घासायचं नाही, लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला कधीच लावायचं नाही, डिस्क बदलताना प्लग काढायचा. नवीन डिस्क लावली की बाजूला उभं राहून अर्धा मिनिट मोकळी फिरवा. डोळ्यावर गॉगल प्रत्येक वेळी, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

ड्रिल चालवताना मात्र सुती हातमोजे नकोत, बिटात धागा गुंतला की बोट आत ओढलं जातं. फुल बाहीचा शर्ट असेल तर बाही वर करा, गळ्यातलं काढून ठेवा.

आणि पार्किंगमध्ये गाड्या उभ्या असतात हे विसरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि ग्राइंडरच्या ठिणग्या पार लांब उडतात. गाड्या, थिनर, ऑइलच्या चिंध्या आधी बाहेर काढा, शटर पूर्ण उघडा, एबीसी पावडरचं अग्निशामक शटरजवळ टांगा म्हणजे आग आत लागली तरी ते हाताला येतं. काम संपल्यावर लगेच शटर ओढून जेवायला जाऊ नका, अर्धा तास तिथंच झाडलोट करा, भुशात किंवा चिंधीत पडलेली ठिणगी उशिरानं पेट घेते.